मेट : पेशीवर दिसणारं आणि पेशीला लागणारं प्रथिन

मार्च २०१४ च्या सुरुवातीला रोश या स्विस औषध कंपनीने फुप्फुसाच्या कर्करोगावरची ‘मेटलंग’ ही चाचणी मध्येच थांबवत असल्याचं जाहीर केलं. देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने आकडे पाहिले होते आणि चाचणी पुढे रेटून काही हाती लागेल असं तिला वाटत नव्हतं. चाचणी तिसऱ्या टप्प्यातली, म्हणजे मंजुरीच्या उंबरठ्यावरची होती. एकूण ४९९ रुग्ण, सगळ्यांचा आजार हाताबाहेर गेलेला, सगळ्यांनी आधी केमोथेरपी घेतलेली. निम्म्यांना अर्लोटिनिबच्या गोळ्यांसोबत ऑनार्टुझुमॅब हे नवं औषध शिरेतून दिलं, निम्म्यांना अर्लोटिनिबसोबत औषध नसलेली सलाईन. पूर्ण निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा नवं औषध घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ६.८ महिने भरलं, न घेणाऱ्यांचं ९.१ महिने. हा फरक योगायोगाने पडला असेल असं म्हणायला संख्याशास्त्र जागा ठेवतं. पण काटा उलट्या बाजूला झुकला होता हे लपत नव्हतं.

कर्करोगाच्या क्षेत्रात औषध फसणं ही नेहमीचीच गोष्ट. तरी हे प्रकरण वेगळं काढून पाहावं असं आहे. हे औषध ज्या प्रथिनावर जाऊन बसत होतं ते ‘मेट’ पेशीच्या पृष्ठभागावर असतं, आणि कर्करोगाच्या पेशी मूळ गाठ सोडून निघतात कशा, या प्रश्नाचं ते त्या काळातलं सगळ्यात पटणारं उत्तर होतं. शिवाय मेटलंगमध्ये घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीवर मेट भरपूर आहे, याची आधी खात्री केलेली होती. निशाणा नीट ठरवलेला, रुग्ण निवडून घेतलेले, आणि तरी औषध पडलं.

बशीतली बेटं

मेटची ओळख एका जागी झाली नाही. तीन प्रयोगशाळा तीन वेगळे प्रश्न घेऊन बसल्या होत्या आणि एकाच गोष्टीची वेगवेगळी टोकं धरून होत्या.

केंब्रिजमध्ये मायकेल स्टोकर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाच्या मध्यात कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होते. या पेशी आवरणाच्या जातीच्या. एकमेकींना घट्ट धरून त्या बशीच्या तळाशी छोटी छोटी बेटं करून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा बेटाची कड गुळगुळीत दिसते आणि आतल्या पेशींमधल्या सीमारेषा शोधाव्या लागतात. मग एक वेगळं द्रव या बशीत घातलं. त्यात आधी फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींचा सांगाडा विणणाऱ्या पेशी वाढवून काढून टाकलेल्या होत्या. पेशी गेल्या, त्यांनी सोडलेला स्राव तेवढा राहिला. काही तासांत बेटांच्या कडा फाटल्या. पेशी लांबुळक्या झाल्या, एकमेकींपासून सुटल्या आणि बशीभर पांगल्या. त्यांची संख्या काही वाढली नव्हती. वाढीला चालना न देता फक्त पांगवणारं असं काहीतरी त्या स्रावात होतं. त्याचं नाव ‘स्कॅटर फॅक्टर’ पडलं.

जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यकृत पुन्हा वाढतं कसं याच्या मागे होते. १९८४ मध्ये त्यांना यकृताच्या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन सापडलं, ते एचजीएफ. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वँडे वूड यांच्या गटाने हाडाच्या कर्करोगाच्या, रसायनाने बिघडवलेल्या पेशींमधून एक कर्करोगजनक जनुक वेगळं केलं, ते मेट. यकृतवाले यकृताकडे पाहत होते, जनुकवाले जनुकाकडे. १९९१ मध्ये गाठी जुळल्या. स्टोकर यांचा पांगवणारा घटक आणि नाकामुरा यांचं एचजीएफ हे एकच प्रथिन निघालं, आणि मेट हा त्याला पकडणारा पेशीवरचा रिसेप्टर निघाला.

या रिसेप्टरची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेटचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो. तिथे एचजीएफ येऊन बसतं. मधला छोटा भाग पेशीच्या पटलातून आरपार जातो. आतल्या भागात टायरोसिन कायनेज नावाचं यंत्र असतं. एचजीएफ बसलं की दोन मेट जवळ येतात, एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट चढवतात, आणि त्या फॉस्फेटवर आतली कामकरी प्रथिनं येऊन जोडली जातात. मग निरोप अनेक दिशांनी जातो. पेशीचा आतला सांगाडा हलतो. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं ई-कॅड्हेरिन हे पृष्ठभागावरचं दुसरं प्रथिन सांध्यातून सुटतं. खालच्या जाळीला पकडणाऱ्या इंटिग्रिन प्रथिनांची पकड बदलते, आणि ती जाळी कातरणारी विकरं बाहेर पडतात. म्हणजे पांगण्याचं काम एकट्या मेटचं नाही. पृष्ठभागावरच्या कितीतरी प्रथिनांनी एका वेळी आपापली भूमिका बदलावी लागते. मेट त्यांना एकत्र हलवतं.

निसर्गाने ही यंत्रणा कर्करोगासाठी केलेली नाही, हे १९९५ मध्ये कार्मेन बिर्खमायर यांच्या गटाने दाखवलं. मेट निकामी केलेले उंदरांचे गर्भ त्यांनी तपासले, तर हातापायांत स्नायूच नव्हते. गर्भात पाठीच्या कडेला तयार होणाऱ्या स्नायूंच्या पूर्वज पेशींना तिथून सुटून हातापायांच्या अंकुरांत जावं लागतं. मेट नसेल तर त्या जागच्या हलत नाहीत. मला या सगळ्या कथेतला हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. मूळ जागा सोडून शरीरात दुसरीकडे जाऊन वस्ती करणं ही कर्करोगाची करामत म्हणून आपण ऐकतो. प्रत्यक्षात आपल्या दंडातले स्नायू तिथे पोचले ते याच मार्गाने.

फुप्फुसाच्या गाठीत या यंत्रणेचे सगळे सुटे भाग हजर असतात. गाठीतल्या आणि भोवतालच्या फायब्रोब्लास्ट एचजीएफ सोडतात. ते निष्क्रिय रूपात बाहेर पडतं आणि एका ठिकाणी कापलं गेलं की कामाला लागतं. ते कापणारी विकरं कर्करोगाच्या पेशींवरच असतात. फुप्फुसाच्या कर्करोगात मोठ्या संख्येने गाठींवर मेट नेहमीपेक्षा जास्त दिसतं. हा कर्करोग मेंदू, हाडं, यकृत आणि अधिवृक्क ग्रंथींत जातो, आणि रुग्ण बहुतेक वेळा त्यानेच दगावतो. मग मेट अडवा आणि पसरणं थांबवा, हा विचार कुणालाही सुचला असता.

एका हाताची अँटीबॉडी

विचार सुचणं सोपं, औषध करणं अवघड होतं. अँटीबॉडीला दोन हात असतात. मेटला धरणारी नेहमीची अँटीबॉडी केली तर ती दोन हातांनी दोन मेट धरते, त्यांना जवळ आणते, आणि जे थांबवायचं तेच सुरू करून देते. जेनेनटेक या रोशच्याच कंपनीतल्या संशोधकांनी यावर तोड काढली: एकच हात असलेली अँटीबॉडी. ती एका मेटवर बसते, एचजीएफला जागा देत नाही आणि जोडी जमू देत नाही. तिच्या दोन असमान साखळ्या बरोबर जुळाव्यात म्हणून एकीत उंचवटा आणि दुसरीत खाच कोरली, आणि ती ई. कोलाय जिवाणूंत बनवली. हेच ऑनार्टुझुमॅब. कारागिरी म्हणून ही वस्तू आजही देखणी वाटते.

दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १३७ रुग्ण होते. सगळे मिळून पाहिलं तर नव्या औषधाने काहीच साधलं नव्हतं. पण गाठीवर मेट जास्त असलेले ६६ रुग्ण बाजूला काढले, तर त्यांच्यात औषध घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १२.६ महिने आणि न घेणाऱ्यांचं ३.८ महिने होतं. मेट कमी असलेल्यांत उलट, औषध घेणारे जास्त लवकर गेले. जिथे निशाणा आहे तिथे फायदा, नाही तिथे तोटा: इतकं स्वच्छ चित्र क्वचित दिसतं, आणि तिसऱ्या टप्प्याची चाचणी याच आकड्यांवर उभी राहिली.

आता मागे वळून पाहताना माझी नजर १२.६ वर न थांबता ३.८ वर थांबते. तुलनेसाठी ठेवलेल्या, नवं औषध न मिळालेल्या तीसेक रुग्णांचा तो आकडा आहे. तशाच प्रकारच्या रुग्णांचा तोच आकडा मेटलंगमध्ये ९.१ महिने आला. म्हणजे पहिल्या चाचणीत औषधाची बाजू जितकी उंच दिसली, त्यात दुसरी बाजू खड्ड्यात असण्याचाही मोठा वाटा होता. ६६ जणांचे दोन भाग केले की एका भागात थोडे अधिक खंगलेले रुग्ण जाणं यात कुणाचा कट नसतो. लहान गटांत असं होतंच.

तपकिरी रंगाची प्रतवारी

‘मेट जास्त’ म्हणजे किती, हे ठरतं पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर. बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात, मेण विरघळवतात आणि सशाची एक अँटीबॉडी वर सोडतात. मेटलंगमध्ये तिचं नाव होतं एसपी४४. ती मेटला चिकटते आणि जिथे चिकटते तिथे पुढच्या रसायनाने तपकिरी रंग साचतो. केंद्रकं निळ्या रंगात रंगवलेली असतात. डॉक्टर डोळ्यांनी पाहून प्रत लावतात: शून्य, एक, दोन, तीन. पटलाची रेघ फिकट, तुटक असेल तर एक. गडद, पेशीला पूर्ण वळसा घालणारी असेल तर तीन. मेटलंगचा नियम असा की निम्म्या किंवा जास्त पेशी दोन किंवा तीनच्या असतील तर रुग्ण ‘मेट पॉझिटिव्ह’.

ही पद्धत उगाच निवडलेली नव्हती. स्तनाच्या कर्करोगात हर-२ हे पृष्ठभागावरचं प्रथिन याच तपकिरी रंगाने मोजलं गेलं आणि १९९८ मध्ये आलेल्या ट्रॅस्टुझुमॅबने हजारो स्त्रियांचं आयुष्य बदललं. पण तिथे एक गोष्ट जुळून आलेली होती. हर-२ गडद रंगतं ते बहुतेक वेळा त्याच्या जनुकाच्या ढीगभर प्रती झालेल्या असतात म्हणून. रंग हा जनुकातल्या बिघाडाचा पडलेला ठसा असतो. मेटचं तसं नाही. फुप्फुसाच्या ज्या गाठी मेटसाठी गडद रंगतात, त्यांतल्या मोजक्याच गाठींत मेटचं जनुक बिघडलेलं सापडतं. बाकीच्यांत मेट वाढलेलं असतं ते इतर कारणांनी, आणि त्यातलं एक साधं आहे: ऑक्सिजनची टंचाई. गाठ रक्तवाहिन्यांच्या पुढे धावते, आतल्या पेशी गुदमरतात, आणि गुदमरलेली पेशी मेटचं उत्पादन वाढवते. कोमोल्यो यांच्या तुरीनमधल्या प्रयोगशाळेने हे २००३ मध्ये दाखवलं होतं. २००८ मध्ये याच गटाने भेद मांडला, की काही थोडे कर्करोग मेटवर जगतात आणि बरेच कर्करोग अडचणीच्या वेळी मेट वापरतात. दुसऱ्या जातीच्या कर्करोगात मेट अडवलं, तर पेशीची एक वाट बंद होते. ती मरत नाही.

तपकिरी रंग आणखी एक गोष्ट सांगत नाही. तो मेट किती आहे ते दाखवतो, त्यातलं कामाला लागलेलं किती ते नाही. कामाला लागलेल्या मेटवर फॉस्फेट असतं, पण तुकडा शरीराबाहेर काढून फॉर्मेलिनमध्ये बुडेपर्यंतच्या वेळात फॉस्फेट उतरू लागतं. त्यामुळे रोजच्या कामात ते मोजणं भरवशाचं होत नाही.

हा धडा फुप्फुसाच्या कर्करोगाला नवा नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ईजीएफआर हेही पृष्ठभागावरचंच प्रथिन. २००३ मध्ये ते अडवणारं गेफिटिनिब हे औषध आलं तेव्हा कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही हे कळेना. ईजीएफआर कितपत रंगतं यावरून अंदाज लागत नव्हता. २००४ मध्ये बोस्टनच्या दोन आणि न्यूयॉर्कच्या एका गटाने दाखवलं की ज्यांच्या ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल आहेत त्यांनाच औषध लागू पडतं. २००९ मध्ये पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांच्या ‘आयपास’ चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केलं: जनुक बदललेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांच्या गाठी गेफिटिनिबने आक्रसल्या, न बदललेल्यांपैकी जेमतेम १ टक्का. मेटलंग त्यानंतरची. तिच्यात जोडीला दिलेलं अर्लोटिनिब हेही ईजीएफआरवरचंच औषध, आणि तेही, जनुक बदललेलं असो वा नसो, सगळ्यांना दिलं जात होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये अर्लोटिनिबची परवानगी बदललेल्या ईजीएफआरपुरती मर्यादित केली.

आणखी एक अडचण होती, तिची चर्चा कमी होते. स्टोकर यांच्या बशीत पेशी पांगण्याच्या आधी आणि पांगल्यानंतर काय दिसतं ते पाहता आलं. मेटलंगमधले रुग्ण पांगण्याच्या नंतरचे होते. त्यांच्या पेशी मेंदूत, हाडांत पोचून तिथे वाढत होत्या. मेटबद्दलचा मूळ युक्तिवाद निघण्याबद्दलचा होता. चाचणी मात्र मोजत होती आयुष्याचे महिने, तेही ज्यांच्यात निघणं केव्हाच उरकलं होतं त्यांच्यात. निघण्याची यंत्रणा अडवून पोचलेल्या पेशी का मराव्यात, याला त्या युक्तिवादात उत्तर नव्हतं. पोचलेल्या पेशींनाही जगायला मेट लागतं असं मनात धरून चाललेलं होतं.

याच सुमारास टिव्हान्टिनिब नावाच्या गोळीचीही तीच गत झाली. मेटचं यंत्र बंद करते म्हणून तिला १,०४८ रुग्णांच्या चाचणीत घेतलं होतं. २०१२ मध्ये ती चाचणी निष्फळ म्हणून थांबली. पुढच्या वर्षी प्रयोगशाळांतून कळलं की ही गोळी पेशी मारते ती पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिका मोडून. मेट नसलेल्या पेशीही तिने तितक्याच मरत होत्या.

गाळलेले ४७

मेट संपलं, असं २०१४ मध्ये बऱ्याच जणांनी मानलं असेल. पण उत्तर आधीच छापून आलेलं होतं आणि कोपऱ्यात पडून होतं.

मेटच्या आतल्या भागात, पटलाच्या लगेच खाली, ४७ अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे. जनुकाचा चौदावा एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेला जनुकाचा एक तुकडा, तो लिहितो. या पट्ट्यावर १००३ क्रमांकाचं टायरोसिन असतं, आणि सीबीएल नावाचं प्रथिन तिथे येऊन मेटवर विल्हेवाटीची खूण लावतं. एचजीएफने जागं केलेलं मेट पेशीच्या आत ओढलं जातं आणि नष्ट केलं जातं. निरोप पोचला की निरोप्या संपवायचा, अशी व्यवस्था. काही गाठींत या एक्झॉनच्या कडेला बदल होतो आणि जनुकाचा मजकूर जुळवताना तो एक्झॉन गाळला जातो. पट्टा नाही, खूण नाही, मेट पृष्ठभागावरून हटत नाही. फुप्फुसाच्या गाठींत हा प्रकार जेनेनटेकच्याच संशोधकांनी २००६ मध्ये मांडला होता. ज्या कंपनीने रंग पाहून रुग्ण निवडले, तिच्याच घरात जनुक पाहण्याचं कारण हजर होतं.

२०१४ मध्ये ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या फुप्फुसातल्या २३० गाठींचा सविस्तर जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यातल्या १० गाठींत चौदावा एक्झॉन गाळलेला होता. पुढच्या वर्षी अशा रुग्णांना मेटचं यंत्र बंद करणाऱ्या गोळ्या दिल्याचे पहिले अहवाल आले. त्यातली एक, क्रिझोटिनिब, मुळात मेटसाठीच बनवलेली, पण २०११ मध्ये एएलके या दुसऱ्याच प्रथिनासाठी बाजारात आलेली; ती डॉक्टरांच्या हाताशी होती. गाठी आक्रसत होत्या.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असतो. मेटलंगने जंगलात पोपट दिसेल तो धरला. एक्झॉन चौदा गाळलेल्या गाठींत मात्र जीव खरोखर तिथेच होता. मे २०२० मध्ये अमेरिकेत कॅपमॅटिनिबला मंजुरी मिळाली, त्याच्या थोडं आधी जपानमध्ये टेपोटिनिबला. कॅपमॅटिनिबच्या चाचणीत आधी कुठलाच उपचार न घेतलेल्या २८ रुग्णांपैकी ६८ टक्के रुग्णांच्या गाठी ठरलेल्या मापाइतक्या आक्रसल्या. आधी इतर उपचार घेऊन झालेल्या ६९ जणांपैकी ४१ टक्क्यांच्या. मेंदूत गाठी असलेले, मोजता येतील असे १३ रुग्ण होते. त्यातल्या ७ जणांच्या मेंदूतल्या गाठीही आक्रसल्या. पोचलेल्या पेशींना जगायला मेट लागतं, हे गृहीतक या थोड्या रुग्णांपुरतं खरं निघालं.

हे रुग्ण बहुतेक सत्तरीच्या आसपासचे असतात, धूम्रपान करणारे आणि न करणारे दोन्ही. निम्म्याच्या आसपास रुग्णांचे पाय सुजतात. मेट अडवणाऱ्या बहुतेक औषधांची ही ओळखीची खोड आहे. आणि काही महिन्यांनी, कधी वर्षा-दीड वर्षाने, मेटच्या यंत्रातच नवा बदल होऊन गोळी बसेनाशी होते.

दुसऱ्या बाजूने, मेटच्या जनुकाच्या ढीगभर प्रती असलेल्या गाठींचंही असंच. २००७ मध्ये जेफ्री एंगलमन यांच्या गटाने ईजीएफआरची औषधं निष्प्रभ झालेल्या १८ गाठी तपासल्या आणि ४ गाठींत मेटच्या प्रती वाढलेल्या पाहिल्या. ईजीएफआरची वाट बंद झाली म्हणून पेशीने मेटकडून काम करून घ्यायला सुरुवात केली होती. ईजीएफआर आणि मेट दोघांना एकेका हाताने धरणारी ॲमिव्हँटामॅब ही अँटीबॉडी आज वापरात आहे, तिची एक मुळी इथे पोचते.

रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या घरच्या माणसांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. रिपोर्टात ‘मेट आयएचसी पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असेल तर तो तपकिरी रंग झाला. कॅपमॅटिनिब किंवा टेपोटिनिब लागू पडेल का, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी एक्झॉन चौदाची जनुकीय तपासणी लागते. ती डीएनएवर करता येते, पण गाळलेला एक्झॉन आरएनएवर जास्त खात्रीने सापडतो, कारण गाळणी तिथेच झालेली असते. बायोप्सीचा तुकडा इवलासा असतो आणि आधी ईजीएफआर, एएलके, रॉस-१ यांच्या चाचण्यांत संपून जातो. एकेक चाचणी सुटी मागवण्याऐवजी एकत्र तपासणी होऊ शकते का, एवढा प्रश्न आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला पहिल्याच भेटीत विचारून ठेवावा.

तोच रंग, दुसरं काम

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेलिसोटुझुमॅब व्हेडोटिन हे ॲबव्ही कंपनीचं औषध मंजूर केलं. रुग्ण निवडायचे ते गाठीवर मेट किती रंगतं यावरून. रंगवायची अँटीबॉडी एसपी४४. मेटलंगमध्ये जिने दगा दिला तीच.

हे विसंगत वाटतं, पण नाही. या औषधातली अँटीबॉडी मेटला बंद करायच्या भरवशावर नाही. तिच्या अंगावर एमएमएई नावाचं जहर बांधलेलं असतं. अँटीबॉडी मेटवर बसते, मेट तिला घेऊन पेशीच्या आत जातं, आत गेल्यावर जहर सुटतं आणि पेशीच्या सूक्ष्मनलिका मोडतं. टिव्हान्टिनिबने नकळत जे केलं होतं ते इथे ठरवून केलेलं आहे, आणि मेट नसलेल्या पेशींना शक्यतो वगळून. पेशी मेटवर जगते की नाही याच्याशी या औषधाला कर्तव्य नाही. मेट दारात उभं असलं की पुरे. ऑक्सिजनच्या टंचाईने वाढलेलं असो, कशानेही वाढलेलं असो.

म्हणून इथे रंग मोजणं योग्य आहे, फक्त तो पुरेसा गडद हवा. मेटलंगमध्ये दोनची प्रतही चालत होती. या औषधाच्या चाचणीत निम्म्या किंवा जास्त पेशी तीनच्या हव्यात, ईजीएफआर जनुक बदललेलं नसावं, गाठ स्क्वेमस प्रकारची नसावी आणि आधी उपचार झालेले असावेत, अशा अटी होत्या. अशा ८४ रुग्णांत ३५ टक्के जणांच्या गाठी आक्रसल्या, आणि तो परिणाम मध्यक ७.२ महिने टिकला. केमोथेरपी हरल्यानंतरच्या रुग्णांत हा आकडा वाईट नाही, पण डोळे दिपावेत असाही नाही. हातापायांच्या नसांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, कारण सूक्ष्मनलिकांचं जहर नसांनाही सोडत नाही. पाय इथेही सुजतात.

ही मंजुरी सशर्त आहे. गाठी आक्रसल्या एवढंच आतापर्यंत दाखवलेलं आहे, माणसं जास्त जगली असं अजून नाही. त्यासाठीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी डोसिटॅक्सेल या जुन्या केमोथेरपीशी थेट तुलना करणारी आहे. दुसऱ्या टप्प्यातले ६६ रुग्ण आणि तो ३.८ महिन्यांचा आकडा आठवत असेल, तर तिचा निकाल वाचताना आधी डोसिटॅक्सेल घेतलेल्यांचा रकाना पाहावा, नव्या औषधाचा नंतर.